हिपॅटायटिस बी, मधुमेह आणि दारू: यकृताच्या कर्करोगाचा गुणाकार

प्रश्न थोडक्यात असा आहे. भाऊ ४३ वर्षांचा. रक्तदान शिबिरानंतर हिपॅटायटिस बी पॉझिटिव्ह असल्याचं कळलं. कावीळ कधीच झालेली नाही. सहा वर्षांपासून मधुमेह, वजन जास्त, आठवड्यातून दोनदा क्वार्टर. यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारी एसजीपीटी ३८ आणि एसजीओटी ४४, प्लेटलेट १ लाख ६० हजार, सोनोग्राफीत फॅटी लिव्हर ग्रेड १. वडील ६१व्या वर्षी यकृताच्या कर्करोगाने गेले. ते प्यायचे, म्हणून सगळ्यांनी दारूला दोष दिला. आता डॉक्टर म्हणतात, ‘कॅरिअर आहे, काही करायची गरज नाही.’ हे बरोबर आहे का, आणि घरातल्या बाकीच्यांनी काय करायचं?

‘काही करायची गरज नाही’ हे उत्तर तुमच्या भावाला लागू पडत नाही. पंचविशीतल्या, मधुमेह नसलेल्या, न पिणाऱ्या, घरात कर्करोगाचा इतिहास नसलेल्या माणसाचा विषाणू शांत असेल, तर नुसती देखरेख पुरते. तुमच्या भावाकडे विषाणूशिवाय धोका वाढवणाऱ्या निदान चार गोष्टी आहेत: मधुमेह, वजन, दारू आणि वडिलांचा कर्करोग. या गोष्टींची बेरीज होत नाही, गुणाकार होतो. पुढचं सगळं उत्तर याच मुद्द्याभोवती आहे, कारण उपचार कधी सुरू करायचे आणि सोनोग्राफी किती वेळा करायची हेही त्यावरच ठरतं.

हा गुणाकार आकड्यांत नीट दिसतो. शांघायमधल्या १८ हजारांहून जास्त पुरुषांचा पाठपुरावा करून १९९०च्या दशकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात लघवीची तपासणी करून कोणाच्या पोटात अफ्लाटॉक्सिन, म्हणजे बुरशीचं विष, जातंय हे पाहिलं होतं. नुसतं अफ्लाटॉक्सिन असलेल्यांना यकृताच्या कर्करोगाचा धोका ३.४ पट होता, नुसता हिपॅटायटिस बी असलेल्यांना ७.३ पट. दोन्ही असलेल्यांचा धोका ५९ पट निघाला. बेरीज केली तर दहाच्या आसपास यायला हवा होता, गुणाकार केला तरी पंचवीस. मधुमेहाचंही तसंच आहे. एकट्या मधुमेहाने यकृताच्या कर्करोगाचा धोका साधारण दुप्पट होतो. पण तैवानमध्ये सुमारे २३ हजार लोकांवर झालेल्या अभ्यासात ज्यांना बी किंवा सीचा संसर्ग होता आणि जोडीला लठ्ठपणा व मधुमेह दोन्ही होते, त्यांचा धोका या तिन्हींपैकी काहीच नसलेल्यांच्या १०० पटीहून जास्त निघाला. याची दुसरी बाजू आशेची आहे. गुणाकारातला एक आकडा जरी कमी केला, तरी उत्तर बरंच खाली येतं.

‘विषाणूचा संसर्ग आणि कर्करोग या दोन्हींना समान धोके आहेत’ असं लोक म्हणतात, तेव्हा तीन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होते. पहिल्या प्रकारात एकच कारण दोन आजारांना वेगवेगळं खतपाणी घालतं. कोविडमध्ये हे दिसलं: लठ्ठपणा आणि मधुमेह असणाऱ्यांना कोविड जास्त गंभीर झाला, आणि याच लोकांना मोठ्या आतड्याचा, स्वादुपिंडाचा व यकृताचा कर्करोगही जास्त होतो. म्हणून कोविडने हे कर्करोग होतात असा निष्कर्ष निघत नाही. दुसऱ्या प्रकारात विषाणू स्वतःच कर्करोगाचं कारण असतो आणि दारू, साखर, बुरशी त्याच्या कामाला जोर देतात. हिपॅटायटिस बी आणि सी इथे येतात. तिसरा प्रकार सहसा लक्षात येत नाही: तोच घटक आधी संसर्गाची शक्यता वाढवतो आणि नंतर कर्करोगाचीही. मधुमेह यात बसतो. बोटाला टोचायचं लॅन्सेटचं पेन किंवा इन्सुलिनचं पेन घरात दोघांनी वापरलं की बी विषाणू एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतो. सुई बदलली तरी पेनाच्या टोकाला लागलेलं रक्त पुरेसं असतं. वाळलेल्या रक्तात हा विषाणू निदान सात दिवस जिवंत राहतो. वृद्धाश्रमांत ग्लुकोमीटर सामायिक वापरल्यामुळे साथी पसरल्या आहेत. हिपॅटायटिस सी तर उलट बाजूनेही काम करतो: शरीराचा इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद बिघडवून तो मधुमेहाला वाट करून देतो.

आता वडिलांबद्दल. त्यांचा हिपॅटायटिस बी कधी तपासला होता का, हे जुन्या कागदांत शोधा. आपल्याकडे ‘दारूने लिव्हर गेलं’ असं म्हटलं की पुढे कोणी चौकशी करत नाही, आणि बरेचदा दारूच्या आड विषाणू दडलेला असतो. यकृताचा कर्करोग एका घरात दोघातिघांना होतो तेव्हा लोक आनुवंशिकतेला बोल लावतात. तिचा वाटा असतोच, पण पुष्कळदा वारसा विषाणूचा असतो. जन्माच्या वेळी आईकडून संसर्ग झाला तर सुमारे ९० टक्के बाळांमध्ये तो कायमचा राहतो. निरोगी प्रौढाला झाला तर पाच टक्क्यांहूनही कमी जणांत. त्यामुळे ४३व्या वर्षी शिबिरात सापडलेला संसर्ग बहुधा जन्मापासूनचा किंवा लहानपणचा असतो. भावाला तो ‘कसा लागला’ यावर घरात तर्कवितर्क करण्यापेक्षा आई, तुम्ही आणि बाकी भावंडं यांनी या आठवड्यात तपासून घ्या.

कावीळ झाली नाही यातही दिलासा नाही. आपल्या बोलीत कावीळ म्हणजेच हिपॅटायटिस, आणि कावीळ उतरली की प्रकरण संपलं. पावसाळ्यात पाण्यातून पसरणारी कावीळ ए आणि ई विषाणूंची असते. ती येते, त्रास देते आणि जाते, तिच्यातून कर्करोग होत नाही. बी आणि सी रक्तातून पसरतात आणि बहुतेकांत वीस-तीस वर्षं एकही लक्षण दाखवत नाहीत.

विषाणू कर्करोग कसा घडवतो हे थोडं समजून घ्या, म्हणजे पुढच्या सूचना पटतील. हिपॅटायटिस बी हा डीएनए विषाणू आहे. त्याचा गोल साचा यकृताच्या पेशीच्या केंद्रकात ठाण मांडतो आणि औषधांनीही पूर्ण जात नाही. त्याचे तुकडे आपल्या गुणसूत्रांत घुसतात, त्यामुळे सिरोसिस, म्हणजे यकृत कडक आणि गाठाळ होणं, नसतानाही कर्करोग होऊ शकतो. हिपॅटायटिस सी आरएनए विषाणू आहे, तो गुणसूत्रांत शिरत नाही. तिथे कर्करोग जवळजवळ नेहमीच सिरोसिसच्या किंवा खूप वाढलेल्या तंतुमयतेच्या (यकृतात व्रणाचे धागे साठण्याच्या) पायरीवरून येतो. विषाणूमुळे यकृतात दाह होत राहतो, आणि दारू, चरबी व मधुमेह त्याला तेल पुरवतात. पेशी मरतात, नव्या बनतात आणि प्रत्येक विभाजनात चूक व्हायची संधी वाढते. अफ्लाटॉक्सिनची चाल वेगळी आहे: ते पेशीला आवर घालणाऱ्या पी-५३ या जनुकात ठरावीक ठिकाणी, २४९व्या जागी, बिघाड करतं.

भावाच्या रिपोर्टमध्ये काय दिसतं

एसजीपीटी ३८ समोर लॅबने ‘४० पर्यंत नॉर्मल’ छापलं असेल, म्हणून कोणी लक्ष दिलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४च्या मार्गदर्शक सूचनांत हिपॅटायटिस बीसाठी पुरुषांची मर्यादा ३० आणि स्त्रियांची १९ धरली आहे. म्हणजे ३८ हा वाढलेला आकडा आहे.

दुसरं गणित तुम्ही घरी करू शकता. त्याला एप्री स्कोअर म्हणतात. एसजीओटीला लॅबच्या वरच्या मर्यादेने भागा, १०० ने गुणा, आणि प्लेटलेटच्या हजारांतल्या आकड्याने भागा. भावाचं: ४४ भागिले ४० म्हणजे १.१, गुणिले १०० म्हणजे ११०, भागिले १६० म्हणजे साधारण ०.६९. ०.५ च्या वर गेलं तर यकृतात लक्षणीय तंतुमयता असण्याची शक्यता धरतात, १ च्या वर सिरोसिसची. हा आकडा निदान नव्हे. आदल्या रात्री दारू झाली असेल किंवा डेंगीने प्लेटलेट उतरल्या असतील तर तो फसवतो. पण ‘सगळं नॉर्मल आहे’ म्हणणाऱ्या रिपोर्टमधूनच तो निघालाय हे लक्षात घ्या.

म्हणून पुढच्या तपासण्या: एचबीव्ही डीएनए, म्हणजे रक्तात बीचा विषाणू किती आहे त्याचं मोजमाप (आंतरराष्ट्रीय युनिट प्रति मिली या एककात, जुन्या ‘कॉपीज’मधल्या आकड्याशी तुलना करताना पाचाने भागावं लागतं), एचबीई अँटिजेन व अँटिबॉडी, हिपॅटायटिस सी अँटिबॉडी, शक्य असेल तिथे हिपॅटायटिस डी अँटिबॉडी, आणि एचआयव्ही. एचआयव्हीचं नाव ऐकून बिचकू नका. बीची टेनोफोव्हिर किंवा एन्टेकाव्हिर ही औषधं एचआयव्हीवरही काम करतात, आणि न कळलेला एचआयव्ही असताना यातलं एकच औषध दिलं तर एचआयव्हीचा विषाणू त्याला दाद देईनासा होतो. त्याशिवाय एचबीए१सी (तीनेक महिन्यांची सरासरी साखर), क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), अल्फा फीटोप्रोटीन (यकृताच्या कर्करोगात रक्तात वाढू शकणारं प्रथिन) आणि फायब्रोस्कॅन (यकृत किती कडक झालंय ते मोजणारी तपासणी). फायब्रोस्कॅनला निदान तीन तास उपाशीपोटी जा. जेवून गेलात, किंवा एसजीपीटी दोनशे-तीनशेवर असताना केलात, तर यकृत आहे त्यापेक्षा कडक दिसतं. वजन जास्त असेल तर जाड माणसांसाठीचा प्रोब वापरायला सांगा. ७ किलोपास्कलच्या वर म्हणजे लक्षणीय तंतुमयता, १२.५ च्या वर सिरोसिस धरून चालतात.

डीएनएचा आकडा महत्त्वाचा का? तैवानमध्ये साडेतीन हजारांहून जास्त लोकांचा अकरा-बारा वर्षं पाठपुरावा झाला. विषाणू जवळपास नसलेल्यांमध्ये वर्षाला दर लाखात १०८ जणांना यकृताचा कर्करोग झाला. दहा लाख कॉपीज किंवा जास्त असलेल्यांमध्ये ११५२ जणांना. एक खाचखळगा मात्र सांगायला हवा. यकृतात चरबी साठली की रक्तातला विषाणूचा आकडा अनेकदा कमी येतो. फॅटी लिव्हर आणि मधुमेह असलेल्या माणसाचा डीएनए कमी आला, तर त्यावरून निर्धास्त होऊ नये.

औषध सुरू करायचं का

माझ्या मते भावाच्या बाबतीत हो, आणि यात मी एकटा नाही. २०२४च्या त्याच सूचनांत म्हटलंय की मधुमेह, फॅटी लिव्हर, घरातला यकृताच्या कर्करोगाचा किंवा सिरोसिसचा इतिहास, प्रतिकारशक्ती दबलेली असणं, किंवा एचआयव्ही, सी वा डी यांचा सोबतचा संसर्ग यांपैकी काहीही असेल, तर डीएनए आणि एसजीपीटी कितीही असोत, उपचार द्यावेत. सगळ्या देशांतल्या तज्ज्ञ संघटना इतक्या पुढे गेलेल्या नाहीत. जुन्या नियमांनी चालणारा डॉक्टर ‘डीएनए अजून कमी आहे, थांबू’ म्हणेल. त्याच्याशी भांडू नका. वडिलांचा कर्करोग, मधुमेह आणि एप्रीचा आकडा कागदावर लिहून समोर ठेवा. बऱ्याचदा घरातला इतिहास विचारलेलाच नसतो.

औषध म्हणजे टेनोफोव्हिर ३०० मिलिग्रॅम रोज एक गोळी. मूत्रपिंड किंवा हाडांची चिंता असेल तर टेनोफोव्हिर अलाफेनामाइड २५ मिलिग्रॅम. किंवा एन्टेकाव्हिर ०.५ मिलिग्रॅम. एन्टेकाव्हिर उपाशीपोटीच घ्यायची, जेवणानंतर दोन तासांनी आणि पुढच्या जेवणाच्या दोन तास आधी. चहा-पोह्यांबरोबर घेतली तर अंगी कमी लागते. मधुमेह असल्यामुळे भावाचं क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रोटीन आधी पाहून मग यातलं एक निवडावं. जिल्हा रुग्णालयांतल्या आणि वैद्यकीय महाविद्यालयांतल्या उपचार केंद्रांत ही औषधं राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमातून मोफत मिळतात. हा कार्यक्रम २८ जुलै २०१८ ला सुरू झाला.

इथे सर्वांत जास्त नुकसान होतं ते गोळी मध्येच बंद केल्याने. डीएनए ‘नॉट डिटेक्टेड’ आला की लोक ‘बरा झालो’ म्हणून थांबतात, किंवा कोणीतरी मुळासकट काढणारं औषध देतो म्हणून बदलतात. साचा केंद्रकात तसाच असतो. दोन-तीन महिन्यांत विषाणू उसळतो, एसजीपीटी हजारावर जाते, आणि सिरोसिस असेल तर माणूस दगावू शकतो. औषधाने धोका कमी होतो, शून्य होत नाही. ‘लिव्हर साफ करणारे’ काढे आणि चूर्णं या काळात नकोतच. २०२१ मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली होती. त्यावर वाद झाला, पण आधीच आजारी असलेल्या यकृतावर प्रयोग करायचं कारण नाही.

दारू: हिशोब ग्रॅममध्ये करा

‘आठवड्यातून दोनदाच’ ऐकायला थोडं वाटतं. आपल्याकडच्या व्हिस्की-रममध्ये साधारण ४२.८ टक्के अल्कोहोल असतं. ३० मिलीच्या पेगमध्ये सुमारे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. १८० मिलीची क्वार्टर म्हणजे ६० ग्रॅम, तेही एका बैठकीत. ६५० मिलीच्या साध्या बिअरच्या बाटलीत पंचवीसेक ग्रॅम, आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरमध्ये चाळीस. ‘मी फक्त बिअर घेतो’ म्हणणारा दोन स्ट्राँग बाटल्यांत सव्वा क्वार्टरच्या पुढे गेलेला असतो.

इटलीतल्या ब्रेसिया भागातल्या अभ्यासात दिवसाला ६० ग्रॅमच्या वर गेलं की यकृताच्या कर्करोगाचा धोका सरळ चढत जातो आणि जोडीला विषाणू असेल तर तो आणखी दुपटीने वाढतो असं दिसलं. विषाणू असलेल्या माणसासाठी सुरक्षित पेग नसतो; शून्य हाच आकडा. रोज पिणाऱ्याने मात्र एकदम थांबवू नये. हातपाय थरथरणं, भास होणं, फिट येणं हे धोके असतात, म्हणून डॉक्टरांच्या देखरेखीखाली थांबवायचं. दारूच तोंडाचा, अन्ननलिकेचा आणि मोठ्या आतड्याचाही कर्करोग वाढवते. तंबाखूचं म्हणाल तर यकृताचा, जठराचा, अन्ननलिकेचा, स्वादुपिंडाचा असे पचनसंस्थेतले बहुतेक कर्करोग तिच्या नावावर आहेत. भाऊ बिडी-सिगारेट ओढत असेल तर ती याच गुणाकारातली पाचवी संख्या. काळ्या कॉफीबद्दल मात्र चांगली बातमी आहे: ती नियमित पिणाऱ्यांत यकृताचा कर्करोग कमी आढळतो. बिनसाखरेची दोन-तीन कप घ्यायला हरकत नाही, पण औषध म्हणून नव्हे.

मधुमेहाबद्दल एवढंच सांगतो: वजन सात ते दहा टक्क्यांनी कमी झालं तर यकृतातली चरबी आणि दाह दोन्ही उतरतात. ९० किलोच्या माणसाने सहा ते नऊ किलो. साबुदाणा, वरीचा भात आणि फळांचा रस घालून केलेला ‘उपवास’ यात मोजू नका.

दाणे, मका आणि बुरशी

अफ्लाटॉक्सिन हा परदेशातला विषय नाही. १९७४ मध्ये राजस्थान आणि गुजरातच्या सीमेवरच्या आदिवासी गावांत बुरशी लागलेला मका खाऊन ३९७ जण आजारी पडले आणि १०६ मेले. ती तीव्र विषबाधा होती. कर्करोग घडवतं ते थोडं-थोडं, वर्षानुवर्षं पोटात जाणारं विष.

हे विष भाजून, उकडून किंवा तळून नष्ट होत नाही. बुरशी मरते, विष राहतं. म्हणून दाण्याचं कूट करण्याआधी दाणे निवडा. सुरकुतलेले, काळपट-हिरवट, फुटके आणि कडू लागणारे फेकून द्या. विष सगळ्या दाण्यांत सारखं पसरलेलं नसतं, मोजक्याच खराब दाण्यांत भरपूर असतं, त्यामुळे नुसत्या निवडण्यानेही बराच फरक पडतो. भाजलेल्या कुटात ते ओळखता येत नाही, म्हणून पावसाळ्यात तयार कूट विकत आणू नये. साठवताना शेंगदाण्यातला ओलावा सात-आठ टक्क्यांखाली, मक्यातला तेरा-चौदा टक्क्यांखाली हवा. घरी मोजायचं साधन नसतं; दाणा दोन बोटांत दाबल्यावर कट् आवाज करून दुभंगला पाहिजे, वाकता कामा नये. शेंगा भिजल्या तर ढीग करून ठेवू नका, पातळ पसरून वाळवा. लाकडी घाण्याचं तेल आवडत असेल तर घाण्यात काय दाणे पडतात ते स्वतः बघा. रिफायनिंगमध्ये हे विष बऱ्यापैकी निघून जातं, घाण्याच्या तेलात तो टप्पाच नसतो. खराब दाणे गुरांना घालायचे हा उपायही वाईट, ते दुधातून परत येतं.

देखरेख: सहा महिने म्हणजे सहा महिने

भावाचं वय चाळिशीच्या वर, वडिलांना कर्करोग. सिरोसिस नसला तरी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि अल्फा फीटोप्रोटीन करायलाच हवं. औषध सुरू झालं तरी हे थांबत नाही. शांघायमध्येच १८,८१६ लोकांवर झालेल्या अभ्यासात दर सहा महिन्यांच्या तपासणीने यकृताच्या कर्करोगाचे मृत्यू ३७ टक्क्यांनी घटले, तेही सांगितलेल्या तपासण्यांपैकी साठ टक्केही न झालेल्या असताना.

सोनोग्राफी सहा-आठ तास उपाशीपोटी, शक्यतो त्याच केंद्रात, जुने रिपोर्ट हातात घेऊन. अर्जावर ‘पोटाची सोनोग्राफी’ एवढंच न लिहिता ‘हिपॅटायटिस बी, कर्करोगाची देखरेख’ असं लिहून घ्या. करणाऱ्याचा हात तिथे जास्त वेळ थांबतो. फॅटी लिव्हर आणि जाड पोट यांमुळे यकृताचा खोलवरचा भाग दिसतच नाही, आणि रिपोर्टमध्ये मात्र ‘गाठ नाही’ येतं. यकृत पूर्ण दिसलं का, हे विचारा. दिसलं नसेल तर सीटी किंवा एमआरआयचा विचार व्हावा. एक सेंटिमीटरपेक्षा लहान गाठ दिसली तर तीन महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी. एक सेंटिमीटर किंवा मोठी दिसली, किंवा अल्फा फीटोप्रोटीन २० च्या वर गेलं, तर तीन टप्प्यांचा सीटी किंवा एमआरआय. कर्करोगाची गाठ आधी धमनीच्या टप्प्यात उजळते आणि नंतर आजूबाजूपेक्षा फिकी पडते. सिरोसिस किंवा जुनाट बी असलेल्या माणसात हे चित्र स्पष्ट असेल तर सुईने तुकडा काढायची गरज बहुधा पडत नाही. अल्फा फीटोप्रोटीनवर एकट्यावर विसंबू नका. अनेक रुग्णांत कर्करोग असूनही ते नॉर्मल असतं, आणि हिपॅटायटिस उसळला की कर्करोगाशिवायही वाढतं. एका आकड्यापेक्षा तीन रिपोर्टमधला चढता क्रम जास्त सांगतो.

घरातल्यांसाठी

प्रत्येकाच्या तीन तपासण्या करा: एचबीएस अँटिजेन (विषाणू आत्ता अंगात आहे का), एचबीएस अँटिबॉडी (संरक्षण आहे का) आणि एकूण एचबी कोअर अँटिबॉडी (संसर्ग कधी झाला होता का). तिन्ही निगेटिव्ह असतील तर लस. मोठ्यांना एक मिली, दंडात, आज, एका महिन्याने आणि सहाव्या महिन्यात. कुल्ल्यावर टोचली तर चरबीत जाऊन परिणाम कमी होतो. भावाच्या पत्नीची आणि पॉझिटिव्ह आईच्या मुलांची अँटिबॉडी शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी मोजा. १० किंवा जास्त हवी. नाही आली तर पुन्हा तीन डोस. फक्त कोअर अँटिबॉडी पॉझिटिव्ह आली तर तो कागद जपून ठेवा, त्याचं कारण शेवटी सांगतो.

ताट-वाटी वेगळी करू नका. हा विषाणू जेवणातून, मिठीतून, एका बाथरूममधून पसरत नाही. वेगळं करायचं ते वस्तरा, ब्लेड, दातांचा ब्रश, नेलकटर आणि लॅन्सेटचं पेन. सांडलेलं रक्त एकास नऊ पाणी घातलेल्या ब्लीचने पुसा. सलूनमध्ये नवीन ब्लेड आपल्यासमोर उघडायला सांगायचं, आणि ‘एक सुई मारा’ हा आग्रह सोडायचा. २००९ मध्ये गुजरातेतल्या मोडासा भागात हिपॅटायटिस बीची जी जीवघेणी साथ आली, तिचं मूळ पुन्हा वापरलेल्या सिरिंजमध्ये होतं.

घरात कोणी गरोदर असेल आणि पॉझिटिव्ह निघाली, तर डीएनए दोन लाखांच्या वर असल्यास २८व्या आठवड्याच्या सुमारास टेनोफोव्हिर सुरू करतात. बाळाला जन्मानंतर २४ तासांच्या आत, खरं तर पहिल्या १२ तासांत लस, आणि दुसऱ्या मांडीत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार अँटिबॉडीचं इंजेक्शन, अर्धा मिली. पुढचे डोस ६, १० आणि १४ आठवड्यांना पेंटाव्हॅलंटमधून. नऊ महिन्यांनंतर बाळाची तपासणी. अंगावर दूध पाजायला हरकत नाही. घोटाळा होतो तो रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी बाळंतपण झाल्यावर. इम्युनोग्लोब्युलिन स्टोअरमध्ये नसतं. ते आठव्या महिन्यातच विचारून ठेवा. या लसीने काय होतं त्याचा पुरावा तैवानचा आहे. तिथे १९८४ मध्ये पॉझिटिव्ह मातांच्या बाळांपासून लसीकरण सुरू झालं आणि सहा ते चौदा वर्षांच्या मुलांतला यकृताचा कर्करोग लाखात ०.७० वरून दहाएक वर्षांत ०.३६ वर आला.

कोणी हिपॅटायटिस सी पॉझिटिव्ह निघालं तर गोष्ट वेगळी. अँटिबॉडी आयुष्यभर पॉझिटिव्ह राहते, म्हणून विषाणू अजून आहे का हे दाखवणारा आरएनए तपासा. तो असेल तर सोफोस्बुव्हिर ४०० आणि डॅक्लाटासव्हिर ६० मिलिग्रॅम, किंवा सिरोसिस असल्यास वेल्पाटासव्हिरबरोबर, बहुधा १२ आठवडे; ९५ टक्क्यांहून जास्त लोक बरे होतात. दोन सापळे लक्षात ठेवा. सी बरा करताना दडलेला बी उसळू शकतो, म्हणून आधी बी तपासतात. आणि सिरोसिस झालेला असेल तर सी गेल्यावरही सोनोग्राफी चालूच.

पचनसंस्थेतले इतर विषाणूजन्य कर्करोग थोडक्यात. जठराच्या दर शंभर कर्करोगांपैकी नऊएक गाठींत एपस्टाइन-बार विषाणू सापडतो, पुरुषांत जास्त. त्यावर लस नाही आणि विषाणू तपासून आधीच काही करता येत नाही, फक्त झालेल्या गाठीचा उपचार ठरवताना ती माहिती उपयोगी पडते. जठराच्या कर्करोगाचं मुख्य कारण असलेला हेलिकोबॅक्टर हा जिवाणू आहे, विषाणू नव्हे, आणि तो औषधांनी जातो. गुदद्वाराचा कर्करोग बहुतांशी एचपीव्हीमुळे होतो; एचआयव्ही आणि धूम्रपान त्याचा धोका वाढवतात, आणि लस मुलामुलींना वेळेत दिली तर तो टळू शकतो.

आता त्या कोअर अँटिबॉडीच्या कागदाबद्दल. ती पॉझिटिव्ह म्हणजे कधीकाळी संसर्ग होऊन दबलेला आहे. पुढे त्या माणसाला मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी केमोथेरपी, सांधेदुखीसाठी दीर्घकाळ स्टेरॉइड किंवा लिम्फोमासाठी (लसिका ग्रंथींच्या कर्करोगासाठी) रिटुक्सिमॅब हे औषध द्यायची वेळ आली, तर तो विषाणू पुन्हा जागा होऊ शकतो. रिटुक्सिमॅबमध्ये हा धोका सर्वांत जास्त. कोणतीही केमो सुरू करण्याआधी याच तीन तपासण्या करून घ्याव्यात. अँटिजेन पॉझिटिव्ह असेल तर टेनोफोव्हिर किंवा एन्टेकाव्हिर केमोच्या आधी सुरू करून ती संपल्यानंतर निदान एक वर्ष, रिटुक्सिमॅब असेल तर दीड वर्ष चालू ठेवतात. नुसती कोअर पॉझिटिव्ह असेल तर रिटुक्सिमॅबसाठी तसंच औषध देतात. बाकी बऱ्याच केमोंमध्ये दर एक ते तीन महिन्यांनी एसजीपीटी आणि डीएनए पाहत राहिलं तरी चालतं. यकृताची तक्रार नसलेल्या माणसाच्या फायलीत हा कागद सहसा नसतो, म्हणून केमोच्या पहिल्या भेटीला तो स्वतः घेऊन जा.